एका पायाची सूज

सुरतेतल्या उधन्यात पाय सुजणे ही कुणाला सांगण्याजोगी गोष्ट वाटत नाही. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी उभ्याने काढली की संध्याकाळी घोटे भरून येतात, पोटरीवर निळ्या शिरा तटतटतात, रात्री पायाखाली उशी घेतली की सकाळपर्यंत सूज ओसरते आणि माणूस पुन्हा पाळीला जातो. साडीवर खडे आणि लेस लावण्याचे काम घरी बसून करणाऱ्या बायकांचे पायही असेच जड होतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथे स्थिरावलेल्या खान्देशी घरांत अशा पायांवरचे उपाय पिढ्यांपासून ठरलेले आहेत. तेल लावून चोळायचे, विटेने शेकायचे आणि फारच वाटले तर मेडिकलमधून एखादी गोळी आणायची. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतेही.

पण एक सूज वेगळी असते. ती एकाच पायाला येते आणि रात्रभर आराम केला तरी उतरत नाही. पोटरी किंवा मांडी दुखते, कातडी ताणल्यासारखी आणि गरम लागते, रंग कधी लालसर तर कधी काळपट निळा होतो. अशी सूज आलेल्या माणसाला आधीच कर्करोग असेल, त्याची केमो चालू असेल किंवा महिन्याभरापूर्वी पोटाचे ऑपरेशन झालेले असेल, तर त्या पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी असे धरूनच चालावे लागते. उद्या बघू म्हणणे तेव्हा परवडत नाही. तो पाय चोळणे तर अजिबात नको. शिरेतली गुठळी सुटून रक्ताबरोबर वर गेली की हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून ती फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. गुठळी मोठी असेल तर चालता-बोलता माणूस काही मिनिटांत जातो.

ही पुस्तिका त्या गुठळीविषयी आहे आणि तिच्यावर दोनशे वर्षे चाललेल्या संशोधनाविषयी आहे. उधन्यातल्या मराठी वाचकाला हा विषय सांगावा असे वाटण्याचे कारण साधे आहे. कर्करोगाच्या रुग्णाला मृत्यूकडे नेणाऱ्या बहुतेक वाटा डॉक्टरांच्याही हातात पूर्णपणे नसतात. ही वाट मात्र बऱ्याच अंशी अडवता येते, त्यासाठीची औषधे आता जवळच्या औषधाच्या दुकानात मिळतात आणि धोका कुणाला जास्त आहे याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीच्या कागदावरून बांधता येतो. तरीही आपली माणसे या वाटेने जातात आणि घरचे लोक म्हणतात, कॅन्सरने नेले.

कर्करोग झालेल्या माणसाला शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा किती जास्त असतो, याचे उत्तर अभ्यासागणिक बदलते, पण ते चारपटींपासून सातपटींपर्यंत जाते. २००५ साली नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात ते सातपट आले. बाह्यरुग्ण विभागात केमो घेणाऱ्या साडेचार हजारांच्या आसपास अमेरिकन रुग्णांचा मागोवा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे पहिले कारण अर्थातच कर्करोगाची वाढ हे होते. त्याच्या खालोखाल जंतुसंसर्ग आणि गुठळ्या बरोबरीने उभ्या होत्या, प्रत्येकी नऊ टक्क्यांच्या आसपास. या गुठळ्यांत शिरांतल्या होत्या तशाच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतल्याही होत्या. केमो चालू असताना ताप आला तर ताबडतोब दवाखान्यात या, हे प्रत्येक रुग्णाला बजावले जाते आणि ते योग्यच आहे. एक पाय सुजला तर त्याच दिवशी या, हे तितक्याच जोराने सांगितले जाते का?

रक्त शिरेच्या आत का गोठते, याची तीन कारणे सांगण्याची पद्धत जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने रूढ आहे. रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचाच कल गोठण्याकडे झुकणे. (१३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.) कर्करोगाच्या रुग्णात ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात. माणूस अंथरुणाला खिळतो, किंवा पोटातली मोठी गाठ शिरेवर दाब देते, तेव्हा प्रवाह मंदावतो. केमोची औषधे आणि केमोसाठी शिरेत बसवलेली नळी किंवा पोर्ट अस्तराला डिवचतात. म्हणूनच नळी ज्या हाताला आहे तो हात किंवा गळ्याची ती बाजू सुजली तरी शंका घ्यायची असते. तिसरे कारण खुद्द कर्करोगाच्या पेशींत आहे. त्यांतल्या बऱ्याच पेशी टिश्यू फॅक्टर नावाचे प्रथिन तयार करतात. जखम झाली की रक्त गोठवण्याची साखळी शरीर ज्या प्रथिनाने सुरू करते तेच हे प्रथिन, इथे मात्र जखम नसताना रक्तात मिसळते. मेंदूच्या काही गाठींत पोडोप्लॅनिन नावाचे दुसरे प्रथिन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटायला लावते. अलीकडे पांढऱ्या पेशींचाही यातला वाटा कळला आहे. न्यूट्रोफिल पेशी आपल्या आतल्या डीएनएचे धागे बाहेर फेकून जंतूंना अडकवतात, हे २००४ साली दिसून आले. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत असे आढळले की कर्करोग या पेशींना जंतू नसतानाही धागे फेकायला लावतो. लूमवर तुटलेल्या धाग्यांच्या गुंत्यात बाकीचा ताणा अडकत जावा, तसे त्या जाळ्यात रक्त अडकते.

हे सगळे कळण्याच्या खूप आधी, नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी तपासून हा संबंध ओळखणारे वैद्य होऊन गेले. १८२३ साली फ्रान्सच्या बुईयो यांनी कर्करोगाच्या रुग्णांत पायाच्या शिरा बुजलेल्या पाहून तसे नोंदवले. पण हा विषय ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते आर्माँ त्रुसो. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात ते शिकवत. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की रुग्णाच्या पोटात कर्करोग आहे की नाही अशी शंका असेल आणि त्याच्या पायाला किंवा हाताला अशी दुखरी, पांढरट सूज आली, तर शंका सोडा आणि कर्करोग आहे असे समजा. दोन वर्षांनी, १८६७ च्या जानेवारीत, त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताला तीच सूज आली. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या अंगावर वाचलेली खूण त्यांनी आपल्या अंगावर वाचली आणि आपल्या शिष्याला निदान सांगून टाकले. जूनमध्ये पोटातल्या कर्करोगाने ते गेले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या शांतपणे खरे ठरलेले निदान मला दुसरे माहीत नाही.

त्रुसोंच्या या निरीक्षणाचा उपयोग पुढे कित्येक दशके फारसा झाला नाही, कारण गुठळी ओळखली तरी द्यायला औषध नव्हते. हेपॅरिन १९१६ साली बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या यकृतातून हाती लागले, पण माणसांना देण्याइतके शुद्ध व्हायला विसाएक वर्षे गेली. वॉरफेरिनचा उगम तर गोठ्यात आहे. कुजलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरत होती. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारे रक्त घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. तिथून जे रसायन निघाले त्याचा एक भाऊबंद १९४८ साली उंदीर मारायला वापरात आला आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून. रक्त पातळ करण्याच्या औषधाने फुप्फुसातली गुठळी झालेला माणूस वाचतो, हे काटेकोर प्रयोगाने सिद्ध झाले ते १९६० साली इंग्लंडमध्ये. बॅरिट आणि जॉर्डन यांनी औषध न दिलेल्या १९ रुग्णांपैकी ५ गुठळीने गेले, औषध दिलेल्या १६ पैकी एकही नाही. प्रयोग तिथेच थांबवून पुढच्या सगळ्यांना औषध देणे भाग पडले. इतका छोटा प्रयोग, पण त्यावर आजचे सगळे उपचार उभे आहेत.

यानंतर संशोधनाचे दोन प्रवाह झाले. पहिला त्रुसोंच्या वाटेने मागे जाणारा. गुठळी आधी दिसली तर तिच्यामागे लपलेला कर्करोग शोधावा का? १९९२ साली इटलीतल्या पाओलो प्रान्दोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की काही उघड कारण नसताना पायात गुठळी झालेल्यांपैकी साडेसात टक्क्यांच्या आसपास लोकांत पुढच्या काळात कर्करोग उघड झाला. उघड कारण असलेल्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होते. मग प्रश्न आला की अशा प्रत्येकाचा सीटी स्कॅन काढायचा का. कॅनडात ८५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने उत्तर दिले की नेहमीच्या तपासण्यांवर पोटाचा सीटी स्कॅन वाढवून जास्त कर्करोग सापडत नाहीत. हे मुद्दाम इथे लिहितो, कारण पायात गुठळी निघाली की घाबरून कर्ज काढून डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन करून घेणारी घरे असतात. नीट विचारपूस, नीट तपासणी, साधे रक्त, छातीचा एक्स-रे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या चाचण्या एवढे व्हावे. त्यापुढचे काय ते डॉक्टरांनी काही आढळले तर ठरवावे.

दुसरा प्रवाह उपचाराचा, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खरी उलथापालथ झाली ती इथे. वॉरफेरिन स्वस्त आहे, पण कर्करोगात ते फार बेभरवशाचे ठरते. उलट्या होतात, जेवण कमी-जास्त होते, केमोची औषधे त्याच्याशी भांडतात आणि रक्त किती पातळ झाले हे बघायला सारखे सुई टोचून घ्यावे लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, अ‍ॅग्नेस ली यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या क्लॉट प्रयोगात कर्करोगाच्या ६७६ रुग्णांना एकतर वॉरफेरिनसारखी गोळी किंवा पोटाच्या कातडीत रोज घ्यायचे डाल्टेपॅरिनचे इंजेक्शन दिले. सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण गोळीवाल्यांत १७ टक्के, इंजेक्शनवाल्यांत ९ टक्के. जगभरचे नियम त्यावरून बदलले.

पण सहा महिने रोज पोटात सुई. या ओळीवर उधन्याच्या वाचकाने क्षणभर थांबावे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, पाळी चुकली तर पगार कापला जातो, इंजेक्शन देणारे घरात कुणी नाही आणि औषधाचा खर्च मजुरीला गिळून टाकणारा. अशा घरात हा उपचार कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यात बंद व्हायचा, यात रुग्णाचा दोष काढता येत नाही. म्हणून यानंतर आलेल्या गोळ्यांचे संशोधन मला सर्वांत मोलाचे वाटते. एडॉक्सॅबॅन आणि रिव्हरॉक्सॅबॅन यांचे प्रयोग २०१८ साली आले. गुठळी पुन्हा होण्याचे प्रमाण त्यांनी इंजेक्शनच्या बरोबरीने किंवा त्याहून खाली ठेवले, पण जठर-आतड्याच्या कर्करोगात रक्तस्राव वाढलेला दिसला. २०२० साली इटलीतून निघालेल्या काराव्हाजो प्रयोगात साडेअकराशे रुग्णांत एपिक्सॅबॅनची तुलना डाल्टेपॅरिनशी झाली. पुन्हा गुठळी ५.६ टक्के विरुद्ध ७.९ टक्के, मोठा रक्तस्राव दोन्हीकडे चार टक्क्यांच्या आत-बाहेर सारखाच. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एपीआय-कॅट या प्रयोगाने पुढचा प्रश्न सोडवला. सहा महिने पूर्ण डोस घेतल्यावर, कर्करोग अजून सक्रिय असेल तर, निम्म्या डोसने गुठळी तितकीच अडते आणि रक्तस्राव कमी होतो. पेटंटची मुदत संपल्यावर या गोळ्या भारतीय कंपन्याही बनवू लागल्या आहेत आणि त्या आता पूर्वीइतक्या आवाक्याबाहेर राहिलेल्या नाहीत.

गोळी सोपी म्हणून ती स्वतःच्या मनाने सुरू करण्याची नाही. तोंडात उघडी जखम असलेल्या, प्लेटलेट्स पन्नास हजारांच्या खाली गेलेल्या किंवा मूत्रपिंड कमजोर झालेल्या रुग्णाला तीच गोळी घातक ठरू शकते. आणि मनाने बंद करण्याचीही नाही. ‘रक्त पातळ होऊन अशक्तपणा येतो’ या समजापायी गोळी सोडलेले लोक आहेत. या गोळीने रक्तातले हिमोग्लोबिन पातळ होत नाही, फक्त गोठण्याची गती मंद होते. काळे शौच, लघवीत रक्त किंवा न थांबणारा घोळणा फुटला तर डॉक्टरांना लगेच कळवायचे, हा त्यातला खरा सावधपणा.

आता प्रतिबंधाकडे येतो, आणि इथे आपल्या शेजारचा एक माणूस भेटतो. डॉ. अलोक खोराना यांनी वैद्यकीय पदवी घेतली ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या राजाच्या नावाचे हे विद्यापीठ. उधन्याहून गाडीत बसले की दोन-तीन तासांत बडोदे येते. अमेरिकेत रॉचेस्टर इथे काम करत असताना २००८ साली खोराना यांनी सहकाऱ्यांसह एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. केमो सुरू करणाऱ्या रुग्णाला गुठळीचा धोका किती, हे त्यात पाच गोष्टींवरून मोजतात. कर्करोग जठराचा किंवा स्वादुपिंडाचा असेल तर दोन गुण. फुप्फुस, लसिकाग्रंथी, स्त्रियांची जननेंद्रिये, मूत्राशय किंवा वृषण यांचा असेल तर एक. केमोआधी प्लेटलेट्स साडेतीन लाख किंवा वर असतील तर एक, पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या वर असतील तर एक, हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर एक, आणि उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक ३५ किंवा जास्त असेल तर एक. तीन किंवा जास्त गुण म्हणजे मोठा धोका. सुमारे चार हजार रुग्णांवर ही पद्धत बांधली आणि पडताळली गेली. अडीच महिन्यांत शून्य गुणवाल्यांत शंभरी एकाहूनही कमी जणांना गुठळी झाली, तीन किंवा जास्तवाल्यांत शंभरी सात जणांना.

या गुणपत्रिकेचे मोठेपण तिच्या साधेपणात आहे. केमोच्या आधी रक्ताचा जो साधा रिपोर्ट काढतातच, तोच तिला पुरतो. सुरतेच्या नवी सिव्हिल रुग्णालयात काढला तरी तोच, मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात काढला तरी तोच. एक रुपया जास्त लागत नाही. २०१९ साली तिच्या आधाराने केलेले दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. कॅनडातल्या अ‍ॅव्हर्ट प्रयोगात दोन किंवा जास्त गुणांच्या रुग्णांना आधीच एपिक्सॅबॅनचा छोटा डोस दिला, तेव्हा सहा महिन्यांत गुठळ्यांचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आले, मोठा रक्तस्राव मात्र १.८ वरून ३.५ टक्के झाला. खोराना यांच्याच कॅसिनी प्रयोगात रिव्हरॉक्सॅबॅनचा फायदा इतका स्पष्ट दिसला नाही. पण मला त्या प्रयोगातला दुसराच आकडा हलवून गेला. प्रयोगात घेण्याआधी १०८० रुग्णांच्या पायांची सोनोग्राफी केली, तेव्हा ४९ जणांच्या शिरेत गुठळी आधीच बसलेली निघाली. प्रयोगासाठी यंत्र फिरवले नसते तर त्या गुठळ्या केव्हा आणि कशा कळल्या असत्या?

आता खंत. ही गुणपत्रिका अमेरिकन शरीरांवर बेतलेली आहे. ३५ चा निर्देशांक म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे वजन शंभर किलोच्या जवळ. उधन्यात केमोच्या रांगेत असा रुग्ण किती वेळा दिसेल? उलट हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि गुजरातेत ६५ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्या पाहणीची रेषा १२ ची आहे, १० ची नाही हे खरे, पण मुळातच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईच्या कागदावर तो एक गुण पडतो तेव्हा तो कर्करोगाविषयी काही सांगतो की तिच्या ताटाविषयी? आणि तंबाखू, गुटखा, मावा, मिसरी यांमुळे आपल्याकडे जो तोंडाचा कर्करोग पसरला आहे, त्याला या गुणपत्रिकेत शून्य गुण आहेत. डोके-मानेच्या कर्करोगात गुठळीचा धोका इतरांपेक्षा कमी हे बरोबर आहे. पण जबडा काढून पायाचे हाड आणि मांस तिथे बसवण्याचे बारा-बारा तासांचे ऑपरेशन झालेल्या, नाकातल्या नळीवर असलेल्या, अशक्त माणसाचा धोका किती, हे आपल्या रुग्णांवरूनच मोजायला हवे. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००३ पासून चालवलेल्या अभ्यासातून २०१८ साली अधिक सुटसुटीत पद्धत काढली. तीत कर्करोगाची जागा आणि डी-डायमर ही रक्तचाचणी एवढेच लागते, वजन लागत नाही. आपल्याकडे ती कितपत चालते हेही आपल्याकडेच पाहावे लागेल.

भारतीयांना शिरेत गुठळ्या होतच नाहीत, असा समज आपल्या वैद्यकात बरीच वर्षे होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या शल्यचिकित्सकांनी २००९ साली आपल्या रुग्णालयातल्या नोंदी प्रसिद्ध करून त्याला जोरदार उत्तर दिले. गुठळ्या होतात, आणि त्यांच्या कारणांत कर्करोग आणि शस्त्रक्रिया सर्वांत वर आहेत. वेल्लोरला हे दिसले कारण तिथे नोंदी जपल्या होत्या. उधन्यातल्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच अवघड आहे. त्याचे पहिले दुखणे लिंबायतच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे, बायोप्सी सुरतेत, ऑपरेशन १९४१ साली उघडलेल्या परळच्या टाटा रुग्णालयात, राहणे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, आणि तब्येत खालावली की शेवट नंदुरबार किंवा शिंदखेड्याजवळच्या गावी, आईच्या घरात. तीन-चार गावे, दोन राज्ये, तीन भाषांत लिहिलेल्या फायली. शेवटच्या घरात एके पहाटे माणसाला अचानक दम लागतो, छातीत कळ येते आणि सगळे संपते. शवविच्छेदन कुणी करत नाही आणि करा असे सांगणेही त्या वेळी कठोर वाटेल. मुंबईच्या रजिस्टरात तो ‘पुन्हा आला नाही’ असा राहतो आणि गावात कॅन्सरने गेला असा. गुठळीच्या खात्यावर तो कुठेच चढत नाही. संशोधनातले आकडे ज्यांचा मागोवा ठेवता आला त्यांच्यावरच उभे असतात, म्हणून स्थलांतरित मजुराचे मरण त्यांतून गळते आणि मग औषध कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या नियमांतूनही तो गळतो. या पुस्तिकेतले माझे मुख्य म्हणणे हेच आहे. नवे औषध शोधणारे जगात पुष्कळ आहेत. रक्त गोठण्याच्या साखळीतल्या अकराव्या घटकाला रोखणारी, रक्तस्राव कमी करतील अशी आशा असलेली इंजेक्शने सध्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासली जात आहेत. पण उधन्याहून निघून गावी गेलेल्या रुग्णाला महिन्याने फोन करून ‘पाय सुजला होता का, दम लागतो का’ असे मराठीत किंवा अहिराणीत विचारणे, हे संशोधन दुसरे कुणी आपल्यासाठी करणार नाही. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. माणूस, फोन आणि वही लागते.

प्रवासाचेही बोलले पाहिजे. उधन्याहून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या वर, जळगाव तीनशेच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने पुढाकार घेतलेल्या अभ्यासाचा २००७ साली आलेला निष्कर्ष असा की चार तासांहून लांबच्या प्रवासात, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा की मोटारीचा, निरोगी माणसालाही गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तरी निरोगी माणसात तो मुळात फार छोटा असतो. जनरल डब्यात खिडकीशी पाय मुडपून, लघवीला उठावे लागू नये म्हणून पाणी न पिता, ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी घरी परतणाऱ्या रुग्णाचा मूळ धोकाच मोठा असतो. पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशननंतर एका आठवड्याऐवजी चार आठवडे इंजेक्शन दिले तर पायातल्या गुठळ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर येते, हे २००२ सालीच सिद्ध झाले आहे. डिस्चार्जच्या कागदावर ती इंजेक्शने लिहिली आहेत का, आणि लिहिली असतील तर गावी ती कोण देणार, हे परळ सोडण्याआधी विचारायलाच हवे.

पुढच्या प्रकरणांत गुठळीची लक्षणे, डॉप्लर सोनोग्राफी, इंजेक्शन आणि गोळ्या, केमोच्या कोणत्या औषधांनी धोका वाढतो आणि घरी काय सांभाळायचे हे क्रमाने आले आहे. ते वाचाल तेव्हा घरातल्या रुग्णाची फाइल शेजारी ठेवा आणि तिच्यातला रक्ताचा रिपोर्ट, कर्करोगाची जागा आणि वजन गुणपत्रिकेतल्या त्या पाच गोष्टींशी ताडून पाहा. गुण जास्त निघाले तर घाबरू नका, तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना विचारा की रक्त गोठू नये म्हणून काही द्यायचे का. सगळे कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे, गावी जाताना बरोबर. रुग्णालयातून विचारपूस करणारा फोन आला तर उचला, आणि एखाद्या अभ्यासात भाग घ्याल का असे विचारले तर नीट समजून घेऊन शक्य असेल तर हो म्हणा. उधना-लिंबायतच्या गल्लीगल्लीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना विनंती आहे की कर्करोगाचा रुग्ण सुजलेला पाय दाखवायला आला तर दुखण्याची गोळी देऊन पाठवू नका, त्याच दिवशी सोनोग्राफीला धाडा. आणि घरातल्या रुग्णाला अचानक दम लागला, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त आले, तर गाडीची किंवा सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. हा नंबर गुजरातेत आणि महाराष्ट्रात एकच आहे.